दोन इश्यू, दोन्ही सेटल्ड

इंग्रजीचं म्हणाल तर घरात माझा शब्द शेवटचा. त्यातून ‘इश्यू’ हा शब्द तर माझ्या पोटापाण्याचा. वाचनालयात मी पुस्तकं इश्यू करतो, मासिकाचा नवा इश्यू आला की रॅकवर लावतो आणि वाचकांनी भांडण काढलं की तो इश्यूही मीच मिटवतो.

त्यामुळे विवाहमंडळाचा इंग्रजी कागद मामाने माझ्याच हातात दिला. मामी जाऊन सहा वर्षं झाली होती. एकटा जेवायला बसला की मामा पंख्याशी बोलायचा. आईने महिनाभर मागे लागून त्याला कसंबसं तयार केलं होतं.

कागदावर होतं : निवृत्त परिचारिका, विधवा, टू इश्यूज, बोथ सेटल्ड.

“म्हणजे?” मामाने विचारलं.

“दोन वाद होते. दोन्ही मिटलेत. बहुतेक जागेचे असणार.”

“बिचारी. एकटी बाई बघून लोक त्रास देतात,” मामा कळवळून म्हणाला.

रविवारी आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. चहा आला. मामाने घसा साफ केला.

“तुमच्या दोन इश्यूंबद्दल वाचलं. फार त्रास झाला असेल ना?”

“मोठ्याचा काहीच नाही,” बाई हसल्या. “धाकट्याने मात्र रडवलं.”

“कोर्टात जावं लागलं?”

“कोर्टात कशाला? शाळेत दोनदा बोलावलं होतं, तेवढंच.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी ठामपणे मान हलवली. शाळेच्या जागेचा वाद असणार.

“आता काळजी करू नका,” मामा पुढे सरकून म्हणाला. “धाकट्याने पुन्हा डोकं वर काढलं, तर मला सांगा. त्याचा कायमचा निकाल लावून टाकू.”

बाईंनी कप खाली ठेवला.

“अहो, मुलगा आहे तो माझा.”

पुढची दोन मिनिटं मी चहात बिस्किट बुडवत होतो. ते केव्हाच विरघळलं होतं. इश्यू म्हणजे अपत्यही, हा अर्थ माझ्या रॅकवर कधी आलाच नव्हता. मामाने सगळा घोळ प्रामाणिकपणे सांगितला आणि उठायला लागला. बाई मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“बसा हो. माझ्या बाजूने भांडायला आलेला माणूस पहिल्यांदाच बघतेय,” त्या म्हणाल्या. मग हलकेच विचारलं, “तुम्हाला मुलं?”

“नाही झाली.”

त्यांनी न विचारताच मामाचा कप पुन्हा भरला.

पुढच्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात तयार उभा होतो. मामाने चपला घातल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तू नको येऊ,” तो म्हणाला. “आम्ही मराठीतच बोलणार आहोत.”