डेल्बर्टचा नवा प्रेस आणि हरणाची शिंगं

पैज लागली ती कुंपणापाशी. डेल्बर्टनं घरच्या घरी रायफलची काडतुसं भरायला नवाकोरा प्रेस आणला होता. दांडा एकदा ओढला की पाच कामं एकदम, आणि तयार काडतूस टपकन टोपलीत. शेजारच्या आर्लिसकडे बापाच्या वेळचा प्रेस, नुसता लोखंडी ठोकळा. एका वेळी एकच काडतूस, एकच काम.

"लेका, हे यंत्र आहे की जत्रेतला पाळणा?" आर्लिस म्हणाला.

"जळतोस! शनिवारच्या नेमबाजीत बघ. ज्याच्या प्रेसच्या गोळ्या एकमेकींपासून लांब लांब लागतील, त्यानं चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत शिंगं लावून हरीण व्हायचं!"

आता अमेरिकेत, मोंटानातल्या त्या गावात हरीण मारतात, खातात, भिंतीवर टांगतात. हरीण होत कोणी नाही. त्यात डेल्बर्ट नेमबाजी क्लबचा अध्यक्ष. बोलून झाल्यावर तो प्रेस उचलून तडक गॅरेजात गेला.

गॅरेजमधलं टेबल डुगडुगत होतं. मग बायको, मर्ना, चर्चला गेलेली बघून त्यानं तिच्या स्वयंपाकघरातल्या ओकच्या टेबलाला चार भोकं पाडली आणि प्रेस आवळला. काडतुसांच्या जुन्या पितळी नळ्यांना प्रेसच्या साच्यात घालण्याआधी तेलाचा हात लावायचा असतो. नव्या यंत्राच्या कौतुकात गडी तेच विसरला.

पहिलीच नळी साच्यात रुतली. डेल्बर्टनं दांडा ओढला, टेबल वर उचललं. सिंकला पाय लावून ओढला, टेबल फ्रिजच्या दिशेनं निघालं. तेवढ्यात मर्ना दारात.

"डेल्बर्ट, माझं टेबल चाललंय कुठे?"

"कुठे नाही गं. जरा उजेडात घेतोय."

"आणि ही भोकं?"

"ती... हवा खेळायला."

आर्लिसला बोलावलं. तो आधी जमिनीवर बसून पोटभर हसला, मग म्हणाला, "आण इकडे, घरी नेऊन काढतो. तोवर माझा ठोकळा वापर."

नळी त्याच संध्याकाळी निघाली. पण आर्लिसनं एकदा दांडा ओढला, टपकन आवाज आला, आणि म्हातारा पाघळला. डेल्बर्टनं फोन केला की आर्लिस म्हणायचा, "अजून अडकलीय रे!" आणि मागे टपक, टपक, टपक. इकडे डेल्बर्ट शिव्या घालत ठोकळ्यावर एकेक काडतूस भरत बसला.

शनिवारी डेल्बर्टच्या पाचही गोळ्या एका नाण्याखाली मावतील अशा बसल्या. आर्लिसचा निशाणाचा कागद कांजिण्या आल्यासारखा. डेल्बर्ट जिंकलेला कप घेऊन बाकावर चढला. "हरलास! शिंगं आणा रे!"

"आणतो की," आर्लिस थंडपणे म्हणाला. "पण पैज कशाची होती? ज्याचा प्रेस हरेल तो हरीण, हीच ना? तू कुणाच्या प्रेसवर भरलीस?"

"तुझ्या... पण..."

"आणि मी?"

डेल्बर्ट कप छातीशी धरून बाकावरून उतरायला लागला. सगळा क्लब बाकं बडवायला लागला. मर्ना तर शिंगं घेऊनच आली होती, हनुवटीखाली बांधायला नाडीसुद्धा शिवलेली.

चार जुलैला आर्लिसच्या ट्रॅक्टरमागे गाडा, गाड्यावर ओकचं टेबल, टेबलावर शिंगवाले अध्यक्ष, हातात कप. पोरं गोळ्या-चॉकलेटं नेम धरून मारत होती. हरीण खाली पडू नये म्हणून मर्नानं त्याच चार भोकांतून दोरी ओवून त्याला टेबलाशी करकचून बांधलं होतं.

बाजूनं चालता चालता ती मोठ्यानं ओरडली, "काय रे, हवा खेळतेय ना नीट?"