चाळीस माणसं, एकच धूर

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी सकाळी कोणी स्कूटर काढली, की मयेकर आबा आडवे येतात आणि आधी किल्ली काढून घेतात. मग विचारतात, "कुठे चाललास?"

मी एकदा "कोथिंबीर आणायला" म्हणालो. झालं!

"कोथिंबिरीच्या जुडीला अख्खी गाडी? मेल्या, दहाची बस येईल आत्ता. चाळीस माणसं, एकच धूर! किल्ली संध्याकाळी मिळेल."

आमच्याकडच्या सत्यनारायणाला आरतीनंतर ते धुरावर जे बोलायला लागले, ते प्रसादाचा शिरा थंडगार होईपर्यंत. दहाच्या बसला माणसं मिळाली नाहीत तर फेरी बंद होईल, ही त्यांची खरी धास्ती. आम्हाला अक्षरशः हाकत स्टॉपवर नेत. हळूहळू बस भरायला लागली आणि मलाही बँकेत बसने जायची सवय झाली.

गंमत म्हणजे आबा स्वतः कधी बसमध्ये चढत नसत. गाडी दिसली, की पाठ फिरवून विजेच्या खांबाकडे बघत उभे राहत आणि मग मारुती मंदिरापर्यंतचा चढ पायी चढत. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," असं मी मोठ्याने म्हणायचो. सगळी बस हसायची. कंडक्टरबाई तेवढ्या हसायच्या नाहीत.

परवा आबा तापाने पडले. तिकीट देताना कंडक्टरबाईंनी हळूच विचारलं, "बाबा दिसले नाहीत आज?"

"कोणाचे बाबा?"

"माझे. मयेकर आबा. मी माझ्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून बोलत नाहीत. पण मी या फेरीवर आल्यापासून गाडी मात्र रोज भरून देतात."



संध्याकाळी आबांकडे गेलो. एकटा माणूस, पेजेचं भांडं उशाशी घेऊन पडला होता. पहिला प्रश्न, "गाडी भरली होती?"

"भरली होती. मुलगी विचारत होती तुम्हाला."

"विचारत होती?" एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे वळले. त्या हट्टी म्हाताऱ्याची मला फार माया आली.

दुसऱ्या दिवशी कानटोपी घालून आबा स्टॉपवर हजर. आम्हाला सगळ्यांना चढवलं आणि स्वतः दाराचा दांडा धरून खालीच उभे राहिले. तिने बेल दिली नाही. ड्रायव्हर मागे वळून बघायला लागला.

"चढा, बाबा."

आबा चढले. खिशातून नोट काढून तिच्यापुढे धरली.

"एक मारुती मंदिर द्या," म्हणाले. मग खालच्या आवाजात, "न्याहारी केलीस काय गो?"