चुंबकाने निवडलेली भांडी

तीस वर्षं आयतं जेवलो, आता बायकोला निदान भांडी तरी अस्सल द्यावीत, असं रिटायर्ड पोस्टमास्तरांच्या मनात आलं आणि तिथेच सगळं बिनसलं. ऑपरेशननंतर ती दुपारी घरी यायची होती. पहिलं गरम सूप आपल्या हातचं पाजायचं, हा मास्तरांचा निश्चय. (आजवर त्यांनी तापवलं होतं ते फक्त बायकोचं डोकं.)

भांडीवाल्याने सांगितलं होतं, चुंबक चिकटलं तर स्टील हलकं, नाही चिकटलं तर अस्सल, न गंजणारं ३०४ नंबरचं. मास्तरांनी चिकटणारी सगळी पातेली, अगदी जाड बुडाचीसुद्धा, पोत्यात भरली आणि शेजारच्या टेलरबाईंना देऊन टाकली.

गॅस संपलेला. लेकीने आणलेल्या नव्या इंडक्शन शेगडीवर त्यांनी अस्सल पातेलं ठेवलं. शेगडी टी-टी करून बंद! दुसरं ठेवलं. टी-टी!

“अगं, तुझी शेगडी बिघडलीय!” मास्तर फोनवर ओरडले.

“पातेलं कुठलं ठेवलंत, बाबा?”

“अस्सल! चुंबक अजिबात चिकटत नाही!”

“अहो बाबा, तिला चुंबक चिकटणारंच पातेलं लागतं! ३०४ गंजत नाही हे खरं, पण नुसतं ३०४ या शेगडीवर तापत नाही. म्हणून तर चांगल्या पातेल्यांच्या बुडाला मुद्दाम चिकटणारं स्टील लावतात.”

“म्हणजे ती जाड बुडाची...”

“सगळ्यात महाग तीच. आणि चुंबक तर स्वस्तातल्या २०२ लाही चिकटत नाही. ते मात्र गंजतं. उरलेल्यांत एखादं डागाळलेलं आहे का बघा.”

मास्तरांनी बघितलं. एखादं नव्हतं. सात होती.

“बरं, मी नि आई टॅक्सीत बसतोय,” लेक म्हणाली.

मास्तर अनवाणीच टेलरबाईंच्या दारात. “बाई, तोंड नाही मागायला, पण ती पातेली...”

“पोतं सोडलंसुद्धा नाही, भावोजी. म्हटलं, ताई घरी आल्या की तुम्ही पळत येणारच. जरा लवकर आलात एवढंच.”

बाईंनी पोतं तर दिलंच, वर हातातलं शिवण टाकून त्या मास्तरांच्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. “हळू ढवळा. मीठ आधी चमच्यात घ्या, डबा उपडा करू नका!” मास्तरांना भरून आलं. (कांदा चिरत होते म्हणून निभावलं.)

बायको आली, उशीला टेकली आणि वाटीभर सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. डोळे पुसत म्हणाली, “बाई, किती छान केलंत हो! तुमचे उपकार कसे फेडू?”

“मी हातसुद्धा लावला नाही, ताई. सगळं भावोजींनी केलंय.”

बायकोने मास्तरांकडे बघितलं, रिकाम्या वाटीकडे बघितलं आणि काळजीने लेकीला म्हणाली, “डॉक्टरांना फोन लाव गं. भुलीचा अंमल अजून उतरलेला दिसत नाही.”