सगळ्यातलं थोडं थोडं

आमच्या सोनईच्या अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात पेन कधी सापडणार नाही. टेस्टर, थर्मामीटर आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली मात्र हमखास. धंदा खव्याचा, पण बॉयलरवाल्याला बॉयलर शिकवतील आणि गवळ्याला म्हैस! मी विजेच्या जळालेल्या मोटारी भरणारा. बावीस वर्षं दुसऱ्या कशाला हात लावला नाही. मला म्हणायचे, "तू घाण्याचा बैल! मालकाला कसं, सगळ्यातलं थोडं थोडं यायला पायजे."

थोडं थोडं म्हणजे किती? एकदा कढई ढवळायच्या यंत्राची मोटार स्वतःच जोडली. ती फिरली उलटी आणि खवा गेला भिंतीवर. वर मलाच विचारतात, "पन फिरली का न्हाई?"

माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "अण्णा, एक ना धड, भाराभर चिंध्या!"

"चिंध्यांचीच गोधडी व्हती, बाबा."



फक्त एका कामात ते नाक खुपसत नसत. सकाळी गवळ्यांचे कॅन आले की वास घ्यायचा तो वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं. वहिनी झाकण उघडून हुंगायच्या आणि म्हणायच्या, "ह्यात कालचं मिसळलंय. परत." विषय संपला. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, पण त्यांच्या शब्दापुढं अण्णाही गप्प.

परवा पंप बघायला भल्या सकाळी गेलो. गवळी कॅन उतरवून चहाला गेलेले. अण्णा एकटेच, एकेका कॅनवर ओणवे होऊन हुंगत होते. खिसा रिकामा.

मी म्हणालो, "आता वहिनींच्या कामातही लुडबूड?"

ते दचकले. मग हळू आवाजात म्हणाले, "मागल्या तापात तिच्या नाकाचा वास गेला, तो आलाच न्हाई. कुनाला बोलू नको. वरीस झालं, म्या ह्येवढं एकच शिकतोय. लई अवघड हाय रं."

"मग गवळ्यांना तुम्हीच सांगा की!"

"मी सांगितल्यावर ती सकाळी उठंल कशासाठी?"



तेवढ्यात वहिनी आल्या, गवळीही जमले. वहिनी एकेक कॅन हुंगू लागल्या. चौथ्याला अण्णा खोकले. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ठसक्यात म्हणाल्या, "परत."

कॅनवाला गवळी माझ्या कानाशी पुटपुटला, "अण्णांचा खोकला लई दिस झाला, जाईना का?"

म्हणालो, "होमिओपॅथी चालू हाय. येळ लागतो."