मंदाबायचा बर्फातला बेस

आमच्या मजल्यावरची मंदाबाय कोलंबी सोलता सोलता नैरोबीला विमानात तेल भरते. खोटं वाटत असेल तर लालबागला या आणि आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर नळाशेजारची खोली विचारा. मी तिच्या भिंतीपलीकडे राहतो. शिक्षण चौथीपर्यंत, पण डोळ्यांनी बघितलेलं सांगायला शाळा लागत नाही.

फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा. हात कोलंबीत, म्हणून दाबायचं ते करंगळीने. मध्येच ओरडते, "थांब रे बाबा, येतंय!" खोलीत कुणी नसतं. ते विमानाला असतं.

हा फोनातला खेळ आहे. अळूवडीचा व्हिडिओ बघताना जाहिरात आली, ती घालवायला हिने बोट लावलं आणि बाई विमान कंपनीची मालकीण झाली. बाकीचे खेळणारे विमानं घेतात, लांब लांब उडवतात. हिने एक विमान घेतलं नाही. हिने काढले सर्व्हिस बेस. म्हणजे दुसऱ्या खेळणाऱ्याचं विमान उतरलं की त्यात तेल भरायचं, आतून झाडून काढायचं, चाकं बघायची, जेवण चढवायचं आणि वाटेला लावायचं. शारजा, कोलंबो, नैरोबी, जिथे तिथे बाईची माणसं उभी.

मी म्हटलं, "बाय, एवढी मालकीण झालीस तर एक विमान तरी घे."

"माका खंय जावचा आसा? येणाऱ्याक वाढूचा, ह्या माका जमता."

ते मात्र खरं. गिरण्या चालू होत्या तेव्हा ह्याच खोलीत तिची खानावळ होती. आम्हा जेवणाऱ्यांना मेंबर म्हणायचे. लग्नाआधी मीही मेंबर, जागा दाराजवळची. रोज पहिला घास घेऊन मी सांगायचो, डाळीत मीठ कमी. रोज. आणि रोज ती म्हणायची, "तुमच्या जिभेक दोष आसा, तात्यानू." मग संप झाला, गिरण्या बसल्या, मेंबर गावी गेले ते गेलेच. भाताच्या मोठ्या टोपात आता तिचे हिवाळी कपडे असतात, आणि मुंबईत हिवाळा किती ते तुम्हाला माहीतच आहे.

माझी बायको गेली तेव्हा मंदाबाय म्हणाली होती, "दुपारचे हय जेवाक येवा." मी म्हटलं, मी कुणाच्या दारी जेवायला बसत नाही, मला पिठलं येतं. तिने परत विचारलं नाही. मीही पिठलंच खातोय.

तर खेळातही कायदा खानावळीचाच. प्रत्येक विमानात दोन ताटं जास्त. कंपनीला तोटा होतो म्हणून फोन कोकलतो, ही म्हणते, "ऐन वेळी पावणो इलो तर?" वर आकाशात, उडत्या विमानात, पाहुणा! श्रावण लागला तशी तिने साऱ्या बेसवर मटण-मासळी बंद केली. साहेबांच्या विमानांनी एक दिवस कळ काढली, दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुसऱ्या कुणाच्या बेसवर जाऊन उतरली.

"जावंदेत," ही म्हणाली. "गटारीक बरे इले होते!"

गणपतीत तर कहर केला. सगळ्या बेसवरच्या सगळ्या माणसांना रजा.

"अगं, कोलंबोची माणसं काय कणकवलीची आहेत?"

"गाव सगळ्यांकच आसता, तात्यानू."

झालं. जगभरची विमानं तेलाविना उभी. फोनावर इंग्रजीतून शिव्या. शिव्या आहेत हे कळायला इंग्रजी लागत नाही. हिने प्रत्येकाला गणपतीचं चित्र पाठवलं. दोघांनी उलट हात जोडले. तेवढ्यावर बाई विसर्जनापर्यंत खुशीत.

मी तिला म्हणायचो, चित्रातल्या लोकांना जेवू घालणारी तू पहिलीच. ती हसायची. पण बर्फातल्या बेसबद्दल बोललेलं तिला चालत नसे.

हा बेस कुठे तरी नॉर्वेच्या टोकाला. गावाचं नाव तिलाही वाचता येत नाही. बर्फ, एक धावपट्टी आणि कानटोप्या घातलेली चार माणसं. उतरायला काळं कुत्रं नाही. मग काढला कशाला? तर, "थंडीत माणसाक गरम काय तरी व्हया."

एक दिवस खेळातून नोटीस आली. आठवडाभरात एकही विमान उतरलं नाही तर हा बेस बंद, माणसं घरी. तिने फोन माझ्यापुढे धरला. 

"अशी नोटीस आपण गिरणीच्या गेटार वाचलेली आसा ना, तात्यानू? चार माणसां आसत."

"चित्रं आहेत ती, बाय."

"तुमका चित्रां," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून "येतंय" ऐकू आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दार अर्धं लोटलेलं. खानावळ होती तेव्हापासून दिवसा ते दार मी कधी लोटलेलं बघितलं नव्हतं. पिठलं घशाखाली उतरेना. पिठलं बिघडलं असेल म्हणून परत केलं. तेही उतरेना.

रविवारी मुलगा बदलापूरहून आला. त्याला म्हटलं, तो विमानाचा खेळ माझ्या फोनात घाल.

"बाबा, तुम्ही?"

"घाल म्हटलं ना. तोंड कशाला उघडतोस?"

गिरणीत चार-चार माग सांभाळले, एक विमान काय! दोन पंख्यांचं बारकं घेतलं. पहिल्या खेपेला ते शारजाला गेलं, ती चूक फोनाची. दुसऱ्या खेपेला थेट बर्फात उतरवलं. तेवढ्यात भिंतीपलीकडे पातेलं पडलं आणि आवाज आला, "इलो! इलो रे, इलो!"

दार पुन्हा सताड उघडलं. मीही दर शुक्रवारी विमान न्यायला लागलो. खेळत नव्हतो, हे लक्षात ठेवा. फक्त उतरवत होतो.

आता त्या खेळात काम झालं की विचारतात, सर्व्हिस कशी वाटली? चांदण्या द्या, दोन शब्द लिहा. महिनाभर मी ते टाळलं. पण विचारल्यावर खोटं लिहिणं माझ्या रक्तात नाही. पाचातल्या चार चांदण्या दिल्या आणि खाली लिहिलं, मीठ कमी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात मंदाबाय उभी. हातात डाव.

"बर्फातलो बेस बंद केलंय," ती म्हणाली.

मी उठूनच उभा राहिलो. "का? विमान येत होतं ना?"

"तुमका कसा ठावक?"

मी माझा फोन उशीखाली सरकवला.

"चौघांची कोलंबोक बदली केलंय. थंडीतसून सुटली बिचारी." तिने डाव दुसऱ्या हातात घेतला. "एका मेंबरासाठी तितक्या लांब चूल कशाक पेटवू? भिंतीपलीकडे तर रवता तो. चला, पान वाढलेला आसा."

मी काही तरी बोलणार होतो. माझं ठरलेलं वाक्य आहे, कुणाच्या दारी वगैरे. ते आठवेपर्यंत ती गेलीसुद्धा.

तिच्या खोलीत दाराजवळ पाट मांडलेला होता. माळ्यावरून काढून पुसलेला, अजून ओलसर. माझी जागा मी तिला सांगितली नव्हती.

मी बसलो. ती पूर्वीसारखीच डाव घेऊन उभी. पिठाच्या डब्याला टेकलेला फोन वाजायला लागला, नैरोबीला कुणी तरी उतरलं होतं.

"थांब रे जरा," ती म्हणाली, "हय माणूस जेवता," आणि फोन पालथा घातला.

मी डाळभात कालवला, पहिला घास घेतला. मीठ अगदी बेताचं होतं. मान वर केली तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कमीच आहे," मी म्हटलं.

"उद्या बघूया," ती म्हणाली, आणि न विचारता आणखी एक डाव डाळ वाढली.