भिंतीवरची घोंगडी

रविवारी सकाळी नऊ वाजता अजिनाथ स्टुलावर उभा राहून झोपायच्या खोलीच्या भिंतीला सातवं घोंगडं ठोकत होता आणि विजयमाला खालून त्याला खिळे देत होती. एकेका खिळ्याबरोबर एकेक टोमणाही देत होती.

"मे महिना हाय. सोलापूर हाय. लोकं अंगावरचा सदरा काढून बसल्यात, आन् आमच्यात भितीला घोंगडं पांघरायचं चाललंय."

"आवाज घुमतोय गं खोलीत."

"मग हळू बोला की. कोण वरडा म्हणलंय?"

अजिनाथने ठोकणं चालूच ठेवलं. तोंडात दोन खिळे होते.

शुक्रवार पेठेतल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, बायको, एमेस्सीला असलेली मुलगी चैताली आणि सात रस्त्याजवळच्या कचेरीतली कारकुनी, एवढा त्याचा संसार. पण बाप वळसंगचा नावाजलेला गाणारा. येडूबापू बिरोबापुढे ओवी म्हणायला उभे राहिले की मेंढरंसुद्धा चरायची थांबतात, असं गावात म्हणत. मेंढरांचं खरंखोटं बिरोबाला ठाऊक, माणसं मात्र थांबायची. बापूंची एक लांबलचक ओवी होती, ती आता पुरी फक्त अजिनाथलाच येत होती. आणि अजिनाथ ती फक्त न्हाणीघरात म्हणत होता.

त्याला कारण होतं. आपल्याकडे धनगरी ओवी एकट्याने होत नाही. म्हणणारा ठरल्या जागी लांब सूर लावून थांबतो, मागचे झीलकरी तो सूर उचलून धरतात, ती झील. झील आली नाही तर म्हणणाऱ्याने निमूट खाली बसायचं. बापू गेले त्या वर्षी जत्रेत अजिनाथ हिंमत करून उभा राहिला, ठरल्या जागेपर्यंत म्हणाला आणि थांबला. झिलीचा मान चुलत्याचा, तिप्पण्णातात्याचा. तात्यांनी झील दिलीच नाही. नुसतं आभाळाकडे बघत बसले. अजिनाथ खाली बसला, तो पंधरा वर्षं बसलेलाच होता.

आता पुण्याच्या एका मंडळाने जुन्या ओव्यांचा संग्रह करायला घेतला होता. निवडलेली ओवी गाणाऱ्याच्या नावानिशी कायमची जपून ठेवणार होते. अटी दोन. मागे दुसरा कसलाही आवाज नको, आणि या रविवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची. अजिनाथची झोप उडाली. बापाची ओवी आपल्याबरोबर न्हाणीघरातच विरणार, हा काटा त्याला पंधरा वर्षं टोचत होता. त्याने माइक आणला, स्टँड आणला, हेडफोन आणले आणि माइक लॅपटॉपला जोडायचा एक डबा आणला. चैतालीने जोडणी करून दिली.

पण तो माइक म्हणजे भलताच चौकस प्राणी निघाला. जी गोष्ट ऐकायला आणला तेवढी सोडून सगळं ऐकायचा. फ्रिजची घरघर, पंख्याची करकर, तिसऱ्या घरातल्या कुकरची शिट्टी. शिवाय खोलीत आवाज असा घुमायचा की अजिनाथ विहिरीत पडून ओरडतोय असं वाटावं.

"पप्पा, भिंतींना जाड काहीतरी लावायला पाहिजे," चैताली म्हणाली. "लोकरीचं असलं तर एकदम बेस्ट. लोकर आवाज पिते."

लोकर म्हटल्यावर धनगराच्या पोराला दुसरं काय आठवणार? त्याने तिथल्या तिथे वळसंगला चुलतभावाला, धुळाप्पाला फोन लावला.

"धुळादा, अकरा घोंगडी पायजेत. भावकीतनं गोळा कर की. रविवारी काम हाय."

"अकरा? कसलं काम रं?"

आता काय सांगायचं? ओवी म्हणतोय म्हटलं तर बातमी तात्यांच्या कानावर जाणार आणि तात्या पुन्हा आभाळाकडे बघणार. अजिनाथ घाईघाईने म्हणाला, "हाय एक. ठरलं की सांगतो. तवर कुणाला बोलू नगो."

पलीकडून धुळाप्पा भरल्या गळ्याने म्हणाला, "व्हय व्हय. समजलं मला."

काय समजलं, हे विचारायचं अजिनाथला सुचलं नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. शहरात राहून तो एक गोष्ट पार विसरून गेला होता. त्यांच्या भावकीत घरोघरची घोंगडी एकाच कारणासाठी गोळा होतात. पोरीची सुपारी फोडायची बैठक असली की.

शनिवारी जीपमधून घोंगडी आली. रविवारी दहापर्यंत अकराच्या अकरा भिंतींवर आणि खिडकीवर चढली. मग अजिनाथने आवाजांच्या मागे लागून एकेकाचा बंदोबस्त सुरू केला, त्यातच दुपार झाली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून त्याचा सेल काढला. दारावरची बेल वाजू नये म्हणून तिची वायर सोडवली. मोबाइल बंद केला. तरी हेडफोनमध्ये बारीक गुणगुण येतच होती, म्हणून शेवटी घराचा मेन स्विचच पाडला.

"फ्रिजमध्ये दूध हाय," विजयमाला म्हणाली.

"आज दुधाचं नाव काढू नगंस."

बंद खोली, अकरा घोंगडी, पंखा नाही. अजिनाथ बनियनवर उभा राहून म्हणू लागला. पहिल्या खेपेला घाम नाकावरून माइकवर पडला. दुसऱ्या खेपेला कबुतर घुमलं. तिसऱ्या खेपेला घोंगड्यातली लोकर नाकात जाऊन अशी शिंक आली की लॅपटॉपवरची रेघ छताला लागली. चौथ्या, पाचव्या, सहाव्या खेपेला कारण नव्हतं, तो नुसताच अर्ध्यावर थांबला. तो सारखा बाहेर येऊन घड्याळ बघायचा. दोन वाजून दहा मिनिटं. वेळ आहे, वेळ आहे, असं स्वतःला बजावत पुन्हा आत जायचा.

नवव्या खेपेला ओवी अशी काही लागली की त्याच्याच अंगावर काटा आला. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी दार बडवलं.

विजयमालाने दार उघडलं. जिन्यात नऊ माणसं उभी होती. पुढे पांढऱ्या फेट्यात तिप्पण्णातात्या, त्यांच्यामागे हातात फुलांची वेणी घेतलेली म्हाळसाबाई आत्या, तिच्यामागे पेढ्याचा पुडा छातीशी धरलेला धुळाप्पा, आणि बाकी भावकी.

"बेल वाजंना, फोन लागंना," आत्या आत शिरत म्हणाली. "आगं, घरात कार्य आन् दार लावून बसलाव व्हय? पाव्हणं आलं का?"

"कुठलं पाव्हणं?" विजयमाला म्हणाली.

"आता लपवू नगो बाई. सगळ्या गावाला ठाव हाय."

"मी कुणालाबी बोललो न्हाय," धुळाप्पा शपथेवर म्हणाला. "फकस्त घोंगडी मागताना ज्याला त्याला सांगितलं, की कुणाला बोलू नगो."

आवाज ऐकून अजिनाथ घामाने निथळत, गळ्यात हेडफोन घालून बाहेर आला. तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या उघड्या दारातून आत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"घोंगडं... भितीला?"

तात्या आत गेले. भिंतीवरून हात फिरवत समोरच्या घोंगड्यापाशी थांबले. काठावरचा लाल धागा त्यांनी ओळखला.

"ह्ये माझं घोंगडं. माझ्या बापानं विणून घेतलेलं. बिरोबाची भाकणूक ह्येच्यावर बसून ऐकली मी. आन् त्येला खिळं? कॅलेंडर हाय व्हय ह्ये?"

"तात्या, त्ये जरा..."

"काढ! आदी काढ! अंथर खाली!"

अकराच्या अकरा घोंगडी पटापट उतरली आणि बाहेरच्या खोलीत अंथरली गेली. नऊ जण मांडी घालून बसले. तात्यांच्या घोंगड्याला चार भोकं पडली होती. त्यांनी चारी भोकांत एकेक बोट घालून बघितलं आणि चारी वेळा अजिनाथकडे बघितलं.

"बरं. आता सांग. पोरगा कुटला?"

"आँ? कुणाचा पोरगा?" कोपऱ्यातून चैताली किंचाळली.

तेव्हा कुठे अजिनाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अकरा घोंगडी, कुणाला बोलू नगो, वेणी, पेढे. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "तात्या, सुपारी न्हाय. पाव्हणं न्हाईत. कायबी न्हाय."

"मग घोंगडी कशाला मागवली?"

अजिनाथने स्टँडवरच्या माइककडे बोट दाखवलं. काळा स्पंज चढवलेला तो माइक सगळेजण वाकून वाकून बघू लागले.

"त्ये बोंड कसलं हाय?"

"आवाज भरून घ्यायचं. बापूची ओवी पुण्याला पाठवायचीय. आजच, पाचच्या आत."

"म्हणणार कोण?" तात्यांनी विचारलं.

पंधरा वर्षं हा प्रश्न अजिनाथ टाळत आला होता. "मी," तो म्हणाला.

तात्या आभाळाकडे बघू लागले. घरात आभाळ नव्हतं, म्हणून छताकडे.

"घोंगडं एकदा अंथरलं की कायतरी ठरल्याबिगर उचलायचं नसतंय," शेवटी ते म्हणाले. "तुझं उरकून घे. मग पोरीचं बघू. आमच्या नजरंत दोन-तीन स्थळं हायत."

"पप्पा!" चैताली म्हणाली. "परीक्षा आहे माझी!"

"थांब गं. वेळ हाय अजून. दोन धा झाल्यात," अजिनाथ घड्याळाकडे बघून म्हणाला.

"घड्याळाचा सेल तुम्ही दुपारीच काढलाय," चैतालीने लॅपटॉप त्याच्यासमोर धरला. "चार पस्तीस!"

ओवी अकरा मिनिटांची. आतल्या भिंती उघड्या. घोंगडी परत मागावी तर तात्यांच्या बुडाखालून ओढायला लागणार. अजिनाथ आत-बाहेर करू लागला, आत-बाहेर, दोनदा स्टुलाला अडखळला. चैतालीने मात्र बाहेरच्या खोलीत उभी राहून एक टाळी वाजवली. कान देऊन ऐकलं. पुन्हा वाजवली.

"पप्पा, हितंच म्हणा! खाली घोंगडी, वर माणसं. आवाज घुमतच नाहीये! पण कुणी हूं की चूं करायचं नाही."

माइक बाहेर आला. आत्याने हातातली काकणं टॉवेलात गुंडाळली. धुळाप्पाला खोकल्याची सवय, त्याने तोंडात पेढा कोंबून घेतला. "सुम्ने बसा रं सगळी, गप!" असं तात्यांनी सगळ्यांना कानडी-मराठीत दम भरला आणि स्वतः उपरण्याचं टोक दातांत धरलं.

अजिनाथने डोळे मिटले. समोर तात्या बसलेत हे विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नव्हतं. पण बापूही असेच घोंगडी अंथरलेल्या माणसांपुढे उभे राहायचे. न्हाणीघरात नाही, आणि कोंदट खोलीत तर नाहीच. त्याने पहिली ओळ टाकली आणि आवाज असा मोकळा सुटला की विजयमालाने चमकून वर पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात हा आवाज तिने फक्त बादलीच्या आवाजासकट ऐकला होता.

चार मिनिटं झाली. सहा झाली. कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. ओवी त्या जागेवर आली, जिथे बापू लांब सूर लावून थांबायचे. जिथे जत्रेत अजिनाथ थांबला होता. अजिनाथने सूर लावला आणि सवयीने थांबला.

आणि त्या शांततेत उपरण्याचं टोक दातांतून सुटलं. तात्यांनी झील दिली. साधीसुधी नाही, डोळे मिटून, हात कानाशी नेऊन, बेंबीच्या देठापासून. तात्यांनी उचलल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात? धुळाप्पाने पेढ्यासकट उचलली, आत्याने टॉवेलातली काकणं हलवत उचलली. चैतालीने डोक्याला हात लावला. आणि अजिनाथ? अजिनाथ थांबलाच नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पुढची ओळ, त्याच्या पुढची ओळ टाकत सुटला होता.

ओवी संपली तेव्हा चार त्रेपन्न झाले होते. पुन्हा म्हणायला वेळ नव्हता. ओवी पाठवायला गेले तर इंटरनेट नाही, कारण मेन पाडलेला. विजयमाला मेन चढवायला धावली. इंटरनेटच्या डबीचे दिवे लागेपर्यंत अजिनाथने खोलीभर दहा फेऱ्या मारल्या. चार एकोणसाठला ओवी पुण्याला गेली.

"ठरलं," तात्या घोंगड्यावर हात आपटून म्हणाले. "यंदा जत्रंत ओवी अजिनाथ म्हणणार. उचला घोंगडी."

"आन् पोरीचं?" आत्याने विचारलं.

"एका बैठकीत एकच ठरतंय."

चैतालीने पेढ्याचा पुडा फोडला आणि पहिला पेढा तात्यांना दिला.

गुरुवारी कचेरीत पुण्याचा निरोप आला. आवाज उत्तम, पण मागे इतर व्यक्तींचे आवाज असल्याने ध्वनिमुद्रण स्वीकारता येत नाही. अजिनाथला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पंधरा वर्षांची आस होती. मग त्याने जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून ती जागा ऐकली. परत ऐकली. चार वेळा ऐकून झाल्यावर त्याने तात्यांना फोन लावला.

"तात्या, न्हाय घेतली. मागं झील ऐकू येतीया म्हणं."

"कुणाची?"

"तुमची."

"माझी? मी तर उपरणं दातात धरून बसलो हुतो. धुळाप्पा असंल."

अजिनाथने ती जागा फोनवर लावली. "परत लाव," तात्या एवढंच म्हणाले. अजिनाथने परत लावली. "आजून एकदा," तात्या म्हणाले, आणि ऐकून झाल्यावर फोन ठेवून दिला.

पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता बेल वाजली. दारात तिप्पण्णातात्या उभे होते. एकटेच. खांद्यावर ते लाल धाग्याचं घोंगडं, हातात कागदाची पुडी.

"जत्रंच्या आदी सराव नगो का? त्ये बोंड जरा माझ्याबी बाजूला ठिव. मागच्या खेपंला माझा आवाज लांबनं आलाय."

ते थेट आतल्या खोलीत गेले, घोंगडं भिंतीशी धरलं आणि अजिनाथच्या हातात पुडी दिली. पुडीत खिळे होते.

"बघत काय ऱ्हायलास? भोकं तर पडल्यातच. त्याच भोकांत ठोक."

विजयमालाने या खेपेला टोमणा न मारता स्टूल आणून ठेवलं.