करडमाळच्या दफ्तरदेवाची जलसमाधी टळली, तो मजकूर

श्रीहरीचे नाम मुखी धरून, मौजे करडमाळ, तालुके निलंगा, येथील मारुतीरायाचे पारावर बसणाऱ्या समस्त थोरल्या-धाकट्या मंडळीस दंडवत करून निवेदन ऐसे जे, मागील चैत्री सप्ताहात आपले गावी जो दारुण संग्राम जाहला, त्यात तलवार निघाली नाही, घोडा पडला नाही, प्लास्टिकची एक खुर्ची मात्र कामास आली; तरी ज्याने त्याने आपल्या सोयीची हकीकत सांगून गावोगाव घोळ घातला आहे, सबब खरा मजकूर एकवार लिहून ठेवावा, ऐसी पारावरून आज्ञा जाहली. त्याप्रमाणे लिहिले आहे. श्रोते सावध असावे, मोबाइल बंद करावे.

पूर्वी गाव खाली तेरणेकाठी वसले होते. त्र्याण्णवचे साली भूकंप जाहला, घरे बसली, माणसे गेली, त्याचा विस्तार येथे करवत नाही, तो ज्याचा त्यास ठाऊक. मारुतीचे देऊळही पडले. परंतु देवाचे डावे अंगास जो कोनाडा, तो एकटा उभा राहिला, आणि त्या कोनाड्यात गावचे जुने कागद मेणकापडात गुंडाळून, वर लाल कापड बांधून ठेविलेला थोरला रुमाल होता, तो जैसा होता तैसा निघाला. एवढे गाव गेले आणि कागदास ओरखडा नाही, हे पाहून लोकांस गहिवर आला. मग सरकारने वरते माळावर नवे गाव वसविले, तेव्हा देवासोबत रुमालही वाजतगाजत वर नेला आणि नवे देवळात मारुतीशेजारी उंच फळीवर स्थापिला. मग कोणी हळद वाहिली, मग कोणी नारळ फोडला, मग शनिवारी मारुतीस तेल घालणाऱ्या बायांनी, शेजारचा देव कोरडा कैसा ठेवावा म्हणून, उरले तेल रुमालावर घातले. ऐसे वर्षानुवर्षे चालिले आणि त्यास दफ्तरदेव हे नाव पडले. दफ्तरदेवास नवस बोलून दहावीत गणित सुटलेली दोन पोरे गावात हयात आहेत, त्यामुळे शंका काढण्यास कोणास तोंड उरले नाही. आत काय लिहिले आहे हे कोणी पाहिले नाही, कारण देवाची गाठ सोडत नसतात. उंदीर तेवढे नास्तिक निघाले.

आता या मोहिमेच्या सरलष्कर, खडूशाहीधुरंधर, अखंडित-छडी-अलंकृत तारामतीबाई, या उदगीरचे शाळेत हयात घालवून पेन्शन घेऊन गावी परतल्या होत्या. नवे गावास सरकारने गल्ल्यांऐवजी लाइनी दिल्या, ए लाइन, बी लाइन, सी लाइन. आणि बाईंची मनीषा ऐसी की पाट्यांवर जुनी नावे यावीत, आणि आपल्या बी लाइनीस पूर्वीप्रमाणे कासार बोळ म्हणावे. त्या नवरी होऊन खालच्या गावी आल्या, तेव्हा त्या बोळीतील कासारणीने उंबऱ्याशी बसवून त्यांचे हाती चुडा भरला होता, आणि पुढे सासुरवासात दुपारच्याला जरा बसण्यास तेवढा एक उंबरा होता. ती माउली भूकंपात गेली, उरलेले कासार पोटामागे पुण्यास गेले, मग बोळीचे नावही गेले, आणि बाईंस हे शेवटचे जाणे सोसवेना.

परंतु आडवे आले त्यांचे सख्खे शेजारी, सप्ताह कमिटीचे तहहयात अध्यक्ष, मंडपमार्तंड, स्पीकरप्रतिपालक भुजंगराव पाटील. त्यांचा दावा ऐसा की ती पाटील गल्ली, दुसरे नाव आम्ही कानाने ऐकिले नाही. ग्रामसभेत दोहों बाजूंनी निकराची लढाई जाहली, ती अशी.

"वहिनी, कासारांची घरं ती किती, चार. गल्ली आमच्या भिंतीला वळसा घालून जायाची. मग गल्ली कुणाची?"

"भावजी, वळसा घातला म्हणून तुमची झाली, तर निलंग्याची एसटी बी तुमचीच म्हणा. ती रोज घालती वळसा."

मग सभा हसली, आणि पाटील खवळले, आणि ठराव ऐसा जाहला की ज्यास नाव पाहिजे त्याने कागद दाखवावा. कागद तर दफ्तरदेवाच्या पोटात. येणेप्रमाणे कज्जा वर्षभर थिजून पडला.

मग चैत्री सप्ताहाची तयारी लागली. भुजंगराव नवा पांढरा शर्ट घालून देवळाच्या पाहणीस गेले असता दफ्तरदेवाच्या अंगचे तेल टपकून खास खांद्यावर आले. वरती पाहतात तो रुमाल काळा ठिक्कर, कापड विरलेले, एका कोपऱ्यास उंदराने दरवाजा केलेला. पाटलांचे मनी कपट नव्हते, हे आम्ही प्रतिज्ञेवर लिहितो. त्यांस वाईट वाटले, डोळे भरून आले, आणि त्यांनी फर्मान काढिले की जीर्ण पोथी पाण्यात सोडावी हा आपला धर्म, सबब सप्ताहाचे अखेरीस, काल्याचे कीर्तन झाल्यावर, दफ्तरदेवास ट्रॅक्टरवरून मिरवीत नेऊन तेरणेच्या बंधाऱ्याच्या डोहात जलसमाधी द्यावी. निलंग्याहून बँड सांगितला, फुले सांगितली, बायांनी नव्या साड्यांस इस्त्री केली. ऐसा हा संहार निव्वळ भक्तीने आरंभिला, आणि म्हणूनच त्यास आवरणे कठीण.

हे वर्तमान ऐकताच तारामतीबाई थेट मंडपावर चालून गेल्या. त्यांनी पहिला हल्ला समोरून केला, की हा देव नव्हे, गावचा कागद आहे, बुडाला तर परत मिळणे नाही, सावलीत सुकवून कपाटात ठेवावा. हा हल्ला फार वाईट फसला.

"बाई, आमी इतकी वर्सं ज्याला तेल घालत आलो त्याला तुमी कागद म्हणता?" मंडप बांधणारे एकदम उठले. "उदगीरला जाऊन हेच शिकलात का?"

मग बाईंनी तालुक्याच्या कचेरीस कुमक मागितली. तेथून हुकूम आला की साहेब मीटिंगमध्ये आहेत, आणि साहेब अद्याप मीटिंगमध्येच आहेत. मग बाईंनी देवळात मुक्काम टाकून रुमालाखाली बसून पाहिले, तर भाविकांनी त्यांच्या डोईवरूनच तेल घातले आणि पाया पडून पुढे गेले. ऐसे सहा दिवस पराभवाचे गेले.

सप्ताहास कीर्तनकार रेणुकादास महाराज नायगावकर आले होते. त्यांचे वर्णन काय करावे. महाराजांनी नुसती वीणा छेडली की म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांस ताल सुटतो, आणि हसविता हसविता कोठे रडविले हे श्रोत्यास घरी गेल्यावर कळते. काल्याचे दिवशी सकाळी महाराज फराळास बसले असता बाई तेथे दाखल झाल्या. देव की कागद हा वाद त्यांनी मुळीच काढिला नाही, शिक्षिकेस शोभेल ऐसा एकच सवाल केला.

"महाराज, पारायण न झालेली पोथी पाण्यात सोडतात का हो?"

महाराजांचा हात साबुदाण्याच्या वाटीवर थांबला. "न्हाई बाई. वाचल्याबिगर कशी सोडायची? तो पोथीचा अपमान हाय."

"मग आमच्या दफ्तरदेवाचं पारायण एकदा बी झालेलं न्हाई."

महाराज इतके हसले की ठसका लागला, आणि पाणी पिऊन म्हणाले, "माय, तुमी कीर्तनातच यायला पायजे होतं. उगंच शाळेत गेलात."

मग कीर्तन उभे राहिले. गोपाळांनी शिदोऱ्या एकत्र केल्या, कोणाची भाकर कोणाची हे कळेनासे जाहले, इथवर महाराजांनी कथा आणिली, आणि दहीहंडी फुटण्याआधी व्यासपीठावरून आज्ञा केली की दफ्तरदेव ही गावची पोथी होय, तिचे पारायण केल्यावाचून समाधी देणे शास्त्रास मान्य नाही. भुजंगराव पेचात पडले, कारण बाहेर ट्रॅक्टर सजला होता आणि बँडवाले तासावर आले होते. त्यांनी घाईत मान डोलाविली, की दोन तासांत उरकून टाकू, आणि पारायणास यजमान लागतो म्हणता आपणच उजळ माथ्याने पुढे होऊन, संपूर्ण पोथी वाचवून घेईन, ऐसा संकल्प करून तळहातावरून पाणी सोडिले. येथे पाटील फसले. कीर्तनाच्या गावात एक वेळ दिलेला शब्द मागे घेता येतो, सोडलेले पाणी येत नाही.

मग देवास रजा मागून गाठ सोडू लागले. गाठ तेलाने दगड जाहली होती, ती सुटेना, मग पाटलांनी ट्रॅक्टरची पकड आणविली, आणि पायाचा रेटा देण्यास खुर्चीवर चढले, ती खुर्ची तेथेच धारातीर्थी पडली. अखेर रुमाल उघडला. वरचे चार पदर तेलाने गेले, परंतु मेणकापडाच्या आत कागद कोरडे, पिवळे, एकावर एक निजलेले. मग शिकलेल्यांनी पुढे येऊन कागद उलटा धरिला, सुलटा धरिला, आडवा धरिला, आणि सर्वानुमते निष्पन्न जाहले की वाचता कोणासही येत नाही.

इतक्यात नव्वदीपार गेलेले गुरुपादप्पा अप्पा काठी आपटीत उठले. अप्पांची शाळा निजामाच्या अमलातली. "उर्दू हाय की ही!" ते ओरडले. "आन हिकडं. ह्याच्यापायी मास्तरनं मला लई हाणलंय, आज वसूल करतो." त्यांस व्यासपीठावर बसविले, कपाळी बुक्का लाविला, माइक दिला, आणि त्यांनी खणखणीत स्वरात आरंभ केला की संगप्पा वल्द बसप्पा, बैल दोन, म्हैस एक, मारकी. मंडपात भाविकांनी हात जोडून "रामकृष्णहरी" म्हटले. मग पुढले घर, पुढले जित्राब, आणि दर म्हशीस टाळ-मृदंगाचा गजर होऊ लागला. ज्याच्या त्याच्या आजा-पणजाचे नाव आले की तो तो उठून दंडवत घाली, आणि परत बसताना शेजाऱ्याकडे ऐसा पाही, की आमच्या चार म्हशी होत्या, तुमची एक.

मग भुजंगरावांच्या पणजोबांचे नाव आले. पाटील छाती पुढे काढून उभे राहिले. अप्पांनी वाचिले की पाटलांचा बैल देवळात शिरला आणि मारुतीच्या गळ्यातील पानांची माळ खाऊन गेला, सबब पाटलांस भरचावडीत समज दिली.

"अप्पा, हे गाळा! फुडचं वाचा!"

"पारायणात ओळ गाळत न्हाईत, पाटील," महाराज म्हणाले, आणि अप्पांस ऐकू कमी येते म्हणून अप्पांनी ती ओळ पुन्हा एकवार, अधिक मोठ्याने वाचिली.

मंडप कोसळेल ऐसे हसू उसळले. पाटील लाल जाहले, आणि वाचले तेवढे बस, म्हणून कागद उचलण्याचा आणि ट्रॅक्टर सुरू करण्याचा हुकूम सोडिला. तो क्षण फार बाका. तारामतीबाई कागदांवर हात पसरून उभ्या राहिल्या, परंतु एकट्या किती पुरणार. इतक्यात महाप्रसादाच्या चुलवणावरून बायांची फौज पळ्या-झाऱ्यांसह धावून आली आणि ट्रॅक्टरपुढे उभी राहिली. हरावलीस, सर्वांपुढे, खुद्द पाटलांची सून आरती, तिचे माहेरही याच गावचे.

"मामंजी, तुमचा बैल आला. आता माझ्या माहेरचा येऊ द्या, मग काय सोडायचं ते सोडा."

"आमचं नाव यायचंय अजून!" चहूकडून गिल्ला जाहला. ज्यांनी सकाळी समाधीस फुले आणिली होती, तेच आता रुमालाभोवती कडे करून बसले. बँडवाल्यांनी जेवून घेतले.

दुपार कलली तेव्हा उर्दू कागद सरले. कासार बोळ काही आली नाही. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी पदराने चष्मा पुसला. तळास आणखी तेवढीच थप्पी होती, ती अप्पांनी उचलून पाहिली आणि खाली ठेविली. "ही मोडी हाय. मला येत न्हाई. मला छड्या पडल्या त्या उर्दूच्या."

मग महाराजांनी निवाडा दिला की पारायण अर्धे राहिले. अर्ध्या पारायणाची पोथी पाण्यात जात नाही. ज्याने पाणी सोडिले त्यानेच ते सिद्धीस न्यावे. आणि तोवर पोथीस थेंबभर तेल लागता कामा नये, कारण पोथी वाऱ्यावर धरतात, तिला आंघोळ घालीत नाहीत. भुजंगरावांनी महाराजांकडे पाहिले, मारुतीकडे पाहिले, ट्रॅक्टरकडे पाहिले, आणि मान खाली घातली.

मग बाईंनी आठ दिवस मंडप उतरू दिला नाही. त्या सावलीत कागद सुटे पसरले, मऊ कुंच्याने झाडले, एकेकाचा फोटो घेतला, आणि स्वच्छ कापडात बांधून देवळातील लोखंडी कपाटात कडुनिंबाच्या पाल्यासह ठेविले. तेल घालणाऱ्या बायांनी कपाटास तेल घातले, त्याने कड्या छान चालू लागल्या. आणि भुजंगराव पाटील, उमर साठीची, दर रविवारी सकाळच्या एसटीने लातुरास मोडीच्या वर्गास जाऊ लागले. पहिले दोन महिने ते वर्गाच्या नावाने शिव्या देत जात, मग गप्प जाऊ लागले, मग पारावरल्या धुळीत काडीने अक्षरे काढू लागले.

मार्गशीर्षात एके सकाळी पारावर मंडळी जमली असता भुजंगराव पायात वहाण नसता, हाती कागदाचा फोटो घेऊन धावत आले आणि लांबूनच ओरडले.

"वहिनी! वाचलं! एक बी अक्षर अडलं न्हाई! ऐका! का, सा, र, बो, ळ, दक्खनेकडून दुसरं घर, पाटलाचं! आमचंच घर हो!"

बाई जागच्या उठल्या. मग आरतीने पदराआड हसू दाबून विचारिले, "मामंजी, काय वाचलं ते ध्यानात आलं का?"

पाटलांनी फोटोकडे पाहिले. पुन्हा एकेक अक्षरावर बोट ठेवून पाहिले. मग टोपी काढून डोके खाजविले.

"आता वाचलं तर वाचलं," ते म्हणाले. "पर किती साफ वाचलं, ते तर सांगा की कुणी."

"लई साफ वाचलं, भावजी," तारामतीबाई म्हणाल्या, आणि पुन्हा पदराने चष्मा पुसू लागल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते पावली. मार्गशीर्ष वद्य पंचमीस बी लाइनीस कासार बोळ ही पाटी लागली, ती भुजंगरावांनी आपल्या हाते, आपल्या खास भिंतीस ठोकिली, आणि खिळा वाकडा गेला तो त्यांनीच काढून सरळ केला. दफ्तरदेव कपाटात कोरडे आणि सुखरूप आहेत. मोडीचे कागद वाचून सरले की जलसमाधी द्यावी हा ठराव अद्याप कायम आहे, तो कोणी रद्द केला नाही. पाटील आता दिवसास एकच ओळ वाचितात, आणि उद्या परत पहिल्यापासून लावून पाहू म्हणतात, ऐसे खात्रीलायक वर्तमान आहे. पारावर सर्वांसमक्ष वाचून दाखविले, कोणी हरकत घेतली नाही. रामकृष्णहरी.